दाराचे रबर आधी, रंग मागाहून

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांची डागडुजी कशी करून घ्यावी, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. इंजिन, रंगकाम, सीटची कव्हरे, चाकांच्या टोप्या या सगळ्यांवर त्यात सविस्तर लिहिले आहे. दाराखिडक्यांच्या रबरांच्या वाट्याला मात्र शेवटी नवे बीडिंग लावून घ्यावे, एवढे अर्धे वाक्य आले आहे. लेखकाशी माझे काही भांडण नाही. त्यातल्या 'शेवटी' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे, आणि ती पदरचे पैसे आणि दोन पावसाळे घालवून सुचलेली असल्यामुळे पत्र थोडे लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

माझ्याकडे टाटामोबाइल पिकअप आहे. टेल्कोने (२००३ सालापासून जिला आपण टाटा मोटर्स म्हणतो तीच कंपनी) ही गाडी १९८८ साली बाजारात आणली. आजच्या मुलांना ती फारशी ठाऊक नसते. १९९१ साली आलेली सिएरा हिच्याच पायावर उभी केली होती, असे सांगितले की मग ती गाडीभोवती एक फेरी मारतात. आमची गाडी वडिलांनी आंब्याच्या धंद्यासाठी घेतली. हंगामात हापूसच्या पेट्या, हंगाम सरला की खताची पोती आणि अधूनमधून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सामान असा तिचा संसार होता. वडील गेल्यावर ती दोन वर्षे मांगराच्या पडवीत नुसती उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणायची असे ठरवले, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचा मूळचा पांढरा रंग.

म्हणून मी आधी रंगकाम हाती घेतले. पत्रा काम झाले, लांबी (पत्र्याचे खळगे बुजवायची पुट्टी) भरली, घासली, प्रायमर बसला, दोन हात रंग झाला आणि गाडी नव्या नवरीसारखी दिसू लागली. सगळ्यात शेवटी गॅरेजवाल्याने बाजारातून काळ्या बीडिंगची गुंडाळी आणली आणि अर्ध्या तासात दोन्ही दारांना लावून टाकली. रत्नागिरी परिसरात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात क्लचवरच्या माझ्या पायावर थेंब पडू लागले. गाडी परत नेली, तेव्हा रबर आणि पत्रा यांच्या फटीत सिलिकॉनची नळी पिळून 'आता बघा, थेंब यायचा नाही' असे सांगण्यात आले. थेंब खरेच आला नाही, कारण पाण्याने वाट बदलली आणि ते मॅटच्या खालून फिरू लागले. पुढच्या वर्षी होळीनंतर एकदा मॅट उचलली, तर उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा फुगलेला दिसला. त्यावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले आणि ते आरपार जाऊन खालची जमीन दिसली. ज्या रंगावर मी सगळ्यात जास्त खर्च केला होता, तो सगळ्यात आधी गेला. आणि ज्या रबराला त्या खर्चाचा विसावा हिस्साही लागला नव्हता, त्याने तो घालवला.

त्यानंतर मी हे काम शिकून घ्यायचे ठरवले. आमच्या इथे कुशनचे काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत, त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलो. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की दारात पाणी शिरते म्हणून लगेच रबराला दोष देऊ नये. वर-खाली होणारी काच ज्या फटीतून दारात उतरते, त्या फटीच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टी असते. ती बरेचसे पाणी अडवते, पण सगळे नाही. थोडे पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जाणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या तळाच्या कडेला भोके ठेवलेली असतात आणि आतल्या पुठ्ठ्याच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, म्हणजे पाणी त्या कागदावरून खाली उतरून भोकांवाटे बाहेर पडते आणि पुठ्ठा कोरडा राहतो. माझ्या गाडीत काय झाले होते? रंगाऱ्याने दाराचा तळ गुळगुळीत दिसावा म्हणून तिन्ही भोके लांबीने बुजवली होती, आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करताना कोणीतरी प्लास्टिकचा कागद टराटरा फाडून टाकला होता. पाऊस पडून गेल्यावर दार उघडले की आत पाणी डचमळल्याचा आवाज यायचा. मला इतके दिवस तो डिझेलच्या टाकीचा वाटत होता! भोके खिळ्याने मोकळी केली तेव्हा एका दारातून तांब्याभर गढूळ पाणी निघाले. कागदाच्या जागी जाड प्लास्टिक कापून ते कडेने चिकटवले, आणि त्याचे खालचे टोक पुठ्ठ्याच्या बाजूला न येता दाराच्या पोटात वळेल असे ठेवले. एवढ्यावर अर्धे दुखणे थांबले.

उरलेले अर्धे मात्र रबराचेच होते. ते नेमके कुठे आहे हे कळायला कोकणात पावसाची वाट पाहावी लागत नाही, मे महिन्याची धूळ पुरते. आमच्या तांबड्या मातीच्या रस्त्यावरून गाडी चार-पाच दिवस चालवावी, दारे पुसू नयेत, आणि मग सकाळच्या तिरप्या उन्हात दार उघडून चौकटीच्या आतल्या अंगाकडे नीट पाहावे. जिथे रबर घट्ट बसते तिथे धुळीची रेघ पट्टीने आखल्यासारखी स्वच्छ तुटलेली असते. जिथे फट असते तिथे तीच धूळ केरसुणीच्या फटकाऱ्यासारखी आत पसरलेली दिसते. माझ्या गाडीत असे फटकारे दोन होते, एक बिजागरीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात आणि दुसरा खाली उंबऱ्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे पत्रा जिथे कुजला होता त्याच्या बरोबर वर. मे महिन्यात धूळ जिथून आत आली तिथूनच जुलैत पाणी आले होते. मुंबई-पुण्याच्या वाचकांना ही लाल धूळ मिळणार नाही. त्यांनी रबरावर पाटीवरच्या खडूची भुकटी चोळून दार एकदा हळू बंद करून उघडावे आणि पत्र्यावर ठसा कुठे उमटला नाही ते बघावे. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावायचे आणि ती ओढून पाहायची, ही युक्तीही चांगली आहे: नोट सरसर बाहेर आली तर रबर तिथे नुसते दिखाऊ आहे.

आता खुद्द रबराविषयी, कारण आपल्या बाजारात सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. दुकानात 'दाराचे रबर' म्हणून जे फुटावर विकले जाते, ते पाहायला सगळे सारखेच काळे असते, पण त्यात दोन-तीन वेगवेगळ्या जाती मिसळलेल्या असतात. चांगल्या दाराच्या रबरासाठी आज ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर वापरतात. ऊन, पाणी आणि हवेतला ओझोन यांना ते दाद देत नाही, म्हणून वर्षानुवर्षे मऊ राहते. साध्या नैसर्गिक रबराला ताण देऊन उघड्यावर ठेवले, तर ओझोनमुळे त्याला ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. जुन्या गाडीच्या वळणावरच्या रबरात सगळ्यात आधी भेगा दिसतात त्या याचमुळे. तिसरा प्रकार म्हणजे पीव्हीसी. ते स्वस्त आणि चकचकीत असते, पण उन्हात दाबून राहिले की तसेच चपटे होऊन बसते आणि मग दार आणि चौकट यांमधली जागा भरून काढायची त्याची ताकदच जाते. माझ्या गाडीला पहिल्यांदा लागले होते ते हेच असावे, कारण वर्षभरात त्याची दार लागताना दाबली जाणारी पोकळ नळी पट्टीसारखी सपाट झाली होती.

दुकानदाराला विचारले तर तो तिन्ही प्रकारांना 'ओरिजिनल' म्हणतो. त्यामुळे मी परीक्षा घरीच घेऊ लागलो. वीतभर तुकडा मागून आणावा, तो कपड्याच्या चिमट्यात दाबून आठ दिवस गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवावा आणि मग चिमटा काढून तासाभराने पाहावा. चांगले रबर पुन्हा गोल होते. वाईट रबरावर चिमट्याचे दात कायमचे उमटतात. दुसरा तुकडा, स्पंजचा असेल तर, रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. कापलेल्या टोकाला थोडे पाणी लागणारच, पण सकाळी मधोमध पिळल्यावर भांडी घासायच्या स्पंजसारखे पाणी गळले, तर त्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत आणि ते दाराच्या चौकटीवर पाणी साठवून पत्रा कुजवणार, हे नक्की समजावे. तीन दुकानांतून आणलेल्या चार तुकड्यांपैकी एकच तुकडा माझ्या दोन्ही परीक्षांत उतरला, आणि तो सगळ्यात महाग नव्हता.

जातीइतकाच महत्त्वाचा असतो रबराचा छेद, म्हणजे ते आडवे कापल्यावर दिसणारा आकार. जुन्या गाडीला 'जवळपास बसणारे' रबर लावून भागत नाही, कारण नळी दोन-तीन मिलिमीटर ठेंगणी असेल तर पाणी येते आणि तेवढीच उंच असेल तर दारच लागत नाही. चाचांची यावरची पद्धत मला फार आवडली. जुने रबर सगळे काढून फेकण्याआधी ते जिथे सगळ्यात कमी दाबले गेले असेल तिथला बोटभर तुकडा धारदार पात्याने काटकोनात कापायचा, कापलेले टोक शिक्क्याच्या शाईच्या पॅडवर टेकवायचे आणि कागदावर ठसा घ्यायचा. तो कागद खिशात ठेवून दुकानात गेलो की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. त्याच्या गुंडाळीच्या टोकाचा ठसा शेजारी उमटवला की दोन्ही जुळतात की नाही ते कोणालाही दिसते.

रबर लावायला बसलो तेव्हा कळले की निम्म्याहून अधिक वेळ जुने काढण्यात आणि पत्रा साफ करण्यात जातो. माझ्या गाडीत दाराचे रबर चौकटीच्या पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून बसवायचे आहे. त्याच्या पकडीच्या आत लोखंडी दातांची पट्टी असते. हे दात रंगावर ओरखडे काढतात, ओरखड्यात खारे दमट वारे शिरते आणि रबराच्या आत, कोणाला न दिसता, गंज चढू लागतो. म्हणून रंग झालेला असो वा नसो, ती कड तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड मारून आणि त्यावर रंगाचा हात देऊन पुरती वाळू द्यावी लागते. सिलिकॉनचे डाग या वेळी जिवावर येतात. आंबट वास येणारे जे सिलिकॉन सर्रास वापरले जाते, ते सुकताना व्हिनेगरचे आम्ल सोडते आणि ते उघड्या लोखंडाला मुळीच मानवत नाही. शिवाय त्याचा पुसटसा अंश जरी राहिला, तरी वरचा रंग तिथे फाटतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. माझे दोन दिवस पात्याने सिलिकॉन खरवडण्यात गेले. फटीत सिलिकॉन पिळणारा माणूस गळती थांबवत नाही, पुढच्या माणसाचे काम वाढवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रबराचा सांधा नेहमी खाली, उंबऱ्याच्या मध्यावर यावा, कारण वर किंवा बाजूला आलेला सांधा उघडला की पाणी थेट आत येते. सुरुवात सांध्यापासून करून वर जायचे, आणि कोपऱ्यावर हात आवरता घ्यायचा. नवशिका माणूस कोपऱ्यावर रबर ओढतो, म्हणजे ते छान चापूनचोपून बसलेले दिसते; पण ओढलेली नळी तिथे बारीक होते आणि काही आठवड्यांनी रबर आपल्या मूळ लांबीवर आले की सांध्यात फट पडते. उलट कोपऱ्यात बोटाने थोडे रबर आत लोटावे लागते. शेवटी तुकडा बोटाच्या पेराएवढा जास्त ठेवून कापायचा आणि दोन्ही टोके एकमेकांवर दाबून बसवायची. ज्या गाड्यांत रबर चिकटवायचे असते, तिथे चप्पल शिवणारे वापरतात तसले पिवळे सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग दाबावे. ओल्या सोल्युशनवर घाईने दाबलेले रबर कोपऱ्यावर उठतेच. हे मी शेजाऱ्याच्या जीपवर शिकलो, आणि त्याने मला अजून माफ केलेले नाही.

नवे रबर लावल्यावर दार लागेना. मी दोन-तीनदा जोरात आपटले, तेव्हा चाचा ओरडले, 'भाऊ, दार मारू नका, दोघांची ओळख होऊ द्या!' चौकटीवरच्या ज्या खुंटीत दाराचे लॉक अडकते, तिचे स्क्रू सैल करून तिला केसभर बाहेर सरकवले, दार बंद करून गाडी दोन रात्री तशीच ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी खुंटी पुन्हा थोडी आत घेतली. मधल्या काळात खडूची भुकटी चोळून ठसा चारही बाजूंना सारखा येतो का, ते पाहत राहिलो. बिजागरी झिजून दार खाली आले असेल, तर मात्र रबर कितीही चांगले असले तरी वरच्या कोपऱ्यात फट राहणार. ते दार उचलून घेणे हे पत्रा कामवाल्याचे काम आहे आणि ते रबराच्या आधी झाले पाहिजे.

खिडकीचे काम यामानाने सोपे आहे. काच ज्या खाचेतून सरकते तिच्यातली मखमली अस्तराची पट्टी जुनी झाली की काच खडखडते आणि तिरकी होऊन अडकते. ती पट्टी बदलताना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नये, कारण त्याला धूळ चिकटून मखमलीचा घासकागद होतो. पाठच्या काचेला मात्र दोन माणसे लागतात. रबर आधी काचेला चढवायचे, त्याच्या पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून फिरवून एक नायलॉनची दोरी बसवायची आणि तिची दोन्ही टोके खालच्या बाजूला एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. मग रबराला साबणाचे पाणी लावून एकाने बाहेरून तळव्याने काच दाबत राहायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उतरत जातो. हे काम माझ्या मुलीने आतून केले आणि मी बाहेरून. दोरीचे शेवटचे वीतभर टोक बाहेर आले आणि रबर 'टप्' करून बसले, तेव्हा तिने आतून काचेवर टिचकी मारली.

यानंतरची काळजी थोडक्यात सांगतो, कारण एक चूक जवळजवळ प्रत्येक गाडीवर होते. गाडी चमकावी म्हणून आपल्याकडे डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवतात. ईपीडीएम पाण्याला आणि उन्हाला कितीही टिकाऊ असले तरी डिझेल, रॉकेल आणि तेल त्याला चालत नाही. त्याने ते फुगते आणि भुसभुशीत होते. रबर साबणाच्या पाण्याने पुसावे आणि पावसाळ्याआधी त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. (हे ग्रीस वेगळे आणि फटीत भरतात ते सिलिकॉन वेगळे, दुकानात दोन्हींची गल्लत होते.)

आता माझी खरी मागणी. टायर घेताना त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचून तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला, हे आज सामान्य माणूसही पाहतो. घरातल्या विजेच्या वायरवर ठरावीक अंतरावर कंपनीचे नाव आणि जाडी छापलेली असते. मग दाराच्या रबरावर काहीच का नसावे? ते बनवणाऱ्यांनी रबराची जात आणि बनवल्याचा महिना-वर्ष निदान पकडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला मीटर-मीटरवर छापावे आणि विकणाऱ्यांनी गुंडाळीसोबत छेदाचे चित्र ठेवावे. उन्हात दुकानाच्या दारावर वर्षभर टांगलेली गुंडाळी आणि कालच आलेली गुंडाळी आज एकाच भावाने विकली जाते, आणि गिऱ्हाइकाला त्यातला फरक पहिल्या पावसातच कळतो. गॅरेजवाल्यांनीही अंदाजपत्रक देताना रबराचा खर्च 'इतर किरकोळ' या सदरात न टाकता त्याची जात लिहून वेगळा दाखवावा. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा कामाचा क्रम बिजागरी, मग चौकटीची कड आणि दाराची भोके, मग रबर कोरडे बसवून पाहणे, ते काढून रंग, आणि रंग पुरता वाळल्यावर तेच रबर कायमचे बसवणे, असा दिला जावा, एवढीच विनंती.

माझ्या गाडीच्या डाव्या दारावर यंदाही खालच्या कोपऱ्यात धुळीचा एक छोटा फटकारा दिसतो आहे. मिरगाला अजून काही दिवस आहेत, तोवर तो सांधा उघडून पुन्हा बसवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
जि. रत्नागिरी